पाळणाघरात लेकरू निजवताना

कापूस वेचणी लागली की आमच्या यवतमाळकडच्या गावातल्या बाया सकाळीच वावरात निघतात, अन् मागे राहिलेली तान्ही लेकरं माझ्या पाळणाघरात येतात. नवी मदतनीस आली की तिला मी पहिलं हेच सांगते, लेकरू झोपलं म्हणजे आपल्याला उसंत मिळाली असं धरू नको. जागं लेकरू रडून सांगतं. झोपलेल्याकडे आपणच पाहायचं असतं.

वर्षाच्या आतलं लेकरू दर वेळी उताणंच निजवायचं. कुशीवरही नाही, कारण कुशीवरून ते सहज पालथं होतं. आज्या इथे हमखास अडतात, "उताणं ठेवलं तर दूध घशात जाईल ना वो!" तेव्हा त्यांना नीट समजावते. उताणं असताना श्वासनळी वर असते, अन्ननळी तिच्या खाली. गुळणी आली तर दुधाला श्वासनळीत जायला वर चढावं लागतं. पालथं केलं की हे उलटं होतं. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 1992 साली पालथं निजवू नका असं सांगितलं, 1994 पासून मोठी मोहीम चालली आणि काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. पाळणाघरातल्या अशा मृत्यूंमध्ये पहिल्या आठवड्यातले बरेच होते, हेही तिथे दिसलं. घरी उताणं झोपणारं लेकरू नव्या जागी कोणी पालथं निजवलं तर धोका फार वाढतो. म्हणून लेकरू दाखल करताना ते घरी कसं झोपतं, हे आईला अन् आजीला दोघींना विचारा. स्वतःहून दोन्हीकडे वळायला लागलेलं लेकरू झोपेत वळलं तर उलटवत बसू नका, पण ठेवताना उताणंच ठेवा. पालथं पाडायचं ते जागेपणी, आपण समोर बसून.

झोळीचं सांगणं सगळ्यात अवघड. इथली लेकरं झोळीतच वाढली. पण झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि तान्ह्याची इवलीशी श्वासाची वाट दबते. तोंड वळलं तर थेट लुगड्याच्या कापडात. झोका देऊन निजवायचंच असेल तर हात दोरीवर आणि नजर लेकरावर असू द्या. डोळा लागला की उचलून सपाट गादीवर. बाजही नको, ती मधे खोलगट होते.

गादीबद्दल कापसाच्या मुलखात जास्तच सांगावं लागतं. नवी भरून आणलेली गादी फुगीर असते, तोंड तिच्यात रुततं. गादीवर तळहात जोरात दाबून उचला. खड्डा राहिला तर ती गादी मोठ्यांना द्या. लेकराला पातळ, दबलेली, घट्ट गादी, वर ताणून खोचलेली चादर. बाकी काही नाही. मोहरीची उशी नको, गोधडी नको, तक्क्याची भिंत नको, खुळखुळा नको. डोकं चपटं होऊ नये म्हणून निजवताना एकदा डावीकडे तोंड करा, पुढच्या वेळी उजवीकडे.

पावसाळ्यात जमिनीवर निजवायचं तर मण्यारीची भीती खरी आहे. आम्ही सुताराकडून कठड्याच्या बुटक्या लाकडी खाटा करून घेतल्या. दोन पट्ट्यांत 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नाही आणि गादी कडेला भिडलेली. मच्छरदाणी ताणून गादीखाली खोचायची, सैल लोंबू द्यायची नाही. एका खाटेत एकच लेकरू, सख्खी भावंडं असली तरी.

मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा टोपरं आणि दुपट्याची गुंडाळी दारातच काढून घ्या. हातपाय चाचपू नका, मानेमागे बोट घाला. तिथं घाम असेल तर लेकरू तापलंय. कूलर चालू ठेवा, पण झोत थेट अंगावर नको, खिडकी थोडी उघडी असू द्या. थंडीत पांघरुणाऐवजी अंगात एक कपडा जास्त घाला. धुरी, शेगडी, विडी निजायच्या खोलीत नाही म्हणजे नाही.

गळ्यातला काळा दोरा आणि ताईत झोपताना काढायचे. आजीला नजरेची काळजी असते, तिचा मान ठेवून मी तीट लावून देते. आजवर कुणी रागावलं नाही.

लेकरं झोपली की एक बाई त्याच खोलीत बसते. खोली पूर्ण अंधारी करायची नाही, ओठांचा रंग दिसला पाहिजे. दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून छाती वर-खाली होते का, ते जवळून पाहायचं आणि वहीत वेळ लिहायची. ओठ निळसर दिसले किंवा श्वास कळेना, तर तळपायाला टिचकी मारा. हालचाल नसेल तर एकीनं लगेच छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं सुरू करायचं, दुसरीनं 108 ला फोन लावायचा. हे वाचून येत नाही. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून बाहुलीवर शिकून घ्या, दोघीही, आणि वेचणी लागायच्या आत.