रिसर्च पेपरचे रेफरन्स नीट कसे लावायचे, पहिल्या दिवसापासून सबमिटपर्यंत

दोन हंगाम दारव्हा-दिग्रसकडच्या शेतांत फिरून गुलाबी बोंडअळीवर पेपर लिहिला आणि तो आठ दिवसांत परत आला. रिव्ह्यूअरपर्यंत, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञापर्यंत, गेलाच नाही, रेफरन्स आमच्या फॉरमॅटमध्ये नाहीत एवढंच कळवलं. खूप वाईट वाटलं, काहून की कामात खोट नव्हती. आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजात पीएचडी करून राहिलेली कितीतरी पोरंपोरी आहेत, त्यांना बाजूला बसून हे सांगणारं कोणी राहत नाही, म्हणून मी नंतर जे शिकलो ते सगळं इथं लिहून ठेवतो.

आधी रेफरन्स कशासाठी असतो ते डोक्यात पक्कं करा. पिंपळगाव एवढंच लिहून पत्र पोचत नाही, पिंपळगावं ढीगभर आहेत, पोस्ट-तालुका-जिल्हा लागतोच. रेफरन्सचंही तसंच, वाचणाऱ्याला तुम्ही वाचलेल्या नेमक्या त्याच पेपरच्या त्याच पानावर पोचता आलं पाहिजे. लेखक, वर्ष, शीर्षक, जर्नल, व्हॉल्यूम, अंक, पानं, डीओआय (प्रत्येक पेपरला दिलेला कायमचा ऑनलाइन नंबर), हा तो पत्ता.

आता काम. ज्या जर्नलला पाठवायचं त्याच्या वेबसाइटवर लेखकांसाठीच्या सूचनांचं पान राहते, ते उघडा आणि पीडीएफ करून मोबाइलमध्ये ठेवा, नेट नसलं तरी पाहता येते. त्याच जर्नलचे यंदाचे दोन-तीन पेपरही उतरवून घ्या, कारण सूचनांत कधी कधी जुनंच लिहिलेलं असते आणि छापून वेगळंच येते. जर्नल एपीए, म्हणजे रेफरन्स लिहायची एक ठरलेली पद्धत, म्हणत असेल तर तिची कितवी आवृत्ती ते पाहा, सध्याची सातवी, २०१९ च्या ऑक्टोबरात आली. सहावीचे नियम सांगणारे व्हिडिओ अजून फिरून राहिले आहेत, त्यानं घोळ होतो.

ढोबळमानानं दोन घराणी आहेत. एकात मजकुरात लेखकाचं नाव आणि वर्ष येते, यादी आडनावाच्या अक्षरक्रमानं लागते, एपीए त्यातलीच. दुसऱ्यात मजकुरात फक्त नंबर, आणि यादी ज्या क्रमानं पेपरात उल्लेख आला त्या क्रमानं, ही व्हँकूव्हर, मेडिकलवाले हीच वापरतात. डीएनएचा तो प्रसिद्ध पेपर एपीएमध्ये असा दिसेल: वॉटसन, जे. डी., & क्रिक, एफ. एच. सी. (१९५३). मग शीर्षक, मग नेचर, १७१(४३५६), ७३७–७३८. तोच व्हँकूव्हरमध्ये: वॉटसन जेडी, क्रिक एफएचसी. मग शीर्षक, मग नेचर. १९५३;१७१(४३५६):७३७-८. नीट पाहा, वर्षाची जागा बदलली, आद्याक्षरांचे टिंब गेले, शेवटच्या पानाचे आकडे तोडले. एपीएत जर्नलचं नाव आणि व्हॉल्यूम तिरकं, अंकाचा कंस मात्र सरळ, आणि इंग्रजी शीर्षकात पहिल्या शब्दाचं, कोलननंतरच्या शब्दाचं आणि विशेषनामांचंच पहिलं अक्षर मोठं. तीन किंवा जास्त लेखक असले की एपीए सात मध्ये मजकुरात पहिल्यापासूनच पहिलं नाव आणि एट अल. (म्हणजे 'आणि इतर'), पण यादीत वीसपर्यंत सगळी नावं लिहायची. व्हँकूव्हरच्या यादीत बहुतेक ठिकाणी सहा नावं आणि पुढं एट अल.

मग रेफरन्स हातानं टाइप करणं बंद करा आणि झोटेरो हे रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, कॉम्प्युटरवर बसतं, एकदा माहिती भरली की नेट नसतानाही चालते, आमच्याकडे पावसाळ्यात टॉवर दोन-दोन दिवस बंद राहतो म्हणून हे मला फार मोलाचं वाटते. पेपरचा डीओआय, म्हणजे १० टिंब अशी सुरुवात होणारा तो नंबर, जादूच्या कांडीसारख्या बटणात टाकला की सगळी माहिती आपोआप येते. वर्डमध्ये झोटेरोचा टॅब येतो, लिहिता लिहिता तिथूनच सायटेशन, म्हणजे मजकुरातला संदर्भाचा उल्लेख, टाकायचं, यादी तोच बनवतो. आणि एका जर्नलनं नाकारलं तर दुसऱ्याची स्टाइल निवडायची, सगळे रेफरन्स बदलून जातात, माझे हाताने बदलायला तीन रात्री गेल्या होत्या.

पण आलेली माहिती जशीच्या तशी घेऊ नका. शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येते, अंक नंबर गळतो, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला (गुलाबी बोंडअळी) सारखं शास्त्रीय नाव तिरकं राहत नाही. आणि नावं! वानखडे की वानखेडे, हे मूळ पेपरच्या पहिल्या पानावर जसं छापलंय तसंच ठेवायचं, आपल्याला बरोबर वाटते तसं नाही. आपल्याकडे नाव-वडिलांचं नाव-आडनाव असते, सॉफ्टवेअर कधी कधी वडिलांचं नाव आडनाव म्हणून घेते, तिथं हात घालून दुरुस्त करा. दोन वेगळे राऊत असले तर, वर्ष वेगळं असलं तरी, एपीएत मजकुरात आद्याक्षरही द्या, एकाच माणसाचे एकाच वर्षी दोन पेपर असतील तर वर्षापुढं इंग्रजी ए आणि बी.

आपल्या भागातल्या लोकांना अडते ते पुढचं. गावात फिरताना एखाद्या जाणत्या शेतकऱ्यानं किंवा कृषी सहायकानं माहिती सांगितली, तर एपीएत ती पर्सनल कम्युनिकेशन म्हणून फक्त मजकुरात येते, नाव आणि तारीख देऊन, यादीत येत नाही. पण तोच शेतकरी तुमच्या सर्व्हेत सहभागी असेल तर तो तुमचा डेटा झाला, त्याला सायटेशन लागतच नाही आणि त्याचं नावही उघड करायचं नाही. प्रबंध वापरला तर पदवी, विद्यापीठ आणि शोधगंगाची (भारतातल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) लिंक द्या. सरकारी अहवालावर माणसाचं नाव नसलं की विभागच लेखक. मराठी पुस्तक इंग्रजी पेपरात घ्यायचं तर शीर्षक रोमन लिपीत आणि पुढं चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ. पेपर मराठी असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या कृतीदेव फॉन्टचा मजकूर झोटेरोत टाकला की नुसती अगम्य अक्षरं दिसतात.

आणि दुसऱ्याच्या पेपरात वाचलेला संदर्भ आपण मूळ वाचल्यासारखा लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. मूळ मिळत नसेल तर मजकुरात दोघांचं नाव घ्या आणि यादीत फक्त तुम्ही वाचलेला. एआयला विचारून रेफरन्स तर घेऊच नका, तो हुबेहूब खरा वाटणारा पण नसलेला पेपर बनवून देतो, लेखक खरे, जर्नल खरं, पेपर मात्र कुठंच नाही.

शेवटची तपासणी कागदावरच करा. प्रिंट काढा, एक जण मजकूर वाचेल आणि एक जण यादीत टिक करेल, माझी बायको बसते माझ्यासोबत. मजकुरातलं प्रत्येक नाव (पर्सनल कम्युनिकेशन आणि न वाचलेला मूळ संदर्भ सोडून) यादीत आहे का आणि यादीतलं प्रत्येक मजकुरात आहे का, दोन्ही बाजूंनी. स्पेलिंग आणि वर्ष दोन्हीकडे सारखं पाहिजे. मग प्रत्येक डीओआय क्लिक करून पाहा, तोच पेपर उघडला पाहिजे, आणि तो मागे घेतलेला आहे का तेही तिथंच दिसते, झोटेरोही लाल पट्टी दाखवते. एपीएची यादी असेल तर ती सिलेक्ट करून वर्डमध्ये कंट्रोल टी दाबा, पहिली ओळ बाहेर आणि बाकीच्या आत जातात.

हे झालं की फाइलची एक कॉपी करा, त्या कॉपीतच झोटेरोच्या टॅबमधून सायटेशनची जोडणी तोडा म्हणजे साधा मजकूर उरतो, तीच जर्नलला अपलोड करा. जोडणी असलेली मूळ फाइल पेनड्राइव्हवर आणि मेलवर दोन्हीकडे ठेवा, रिव्ह्यूअर नवीन संदर्भ मागतील तेव्हा तीच लागते.