हल्ल्यातून वाचलेली व्यक्ती गावी परतते तेव्हा

कामाधंद्यासाठी मुंबईला गेलेली किंवा सहलीला निघालेली गोव्याची माणसे एखाद्या बॉम्बस्फोटात वा गोळीबारात सापडून घरी परततात, तेव्हा जखमांचे काय करायचे हे गोमेकॉतले (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातले) डॉक्टर ठरवतात. त्यांच्याशी वागायचे कसे, हे मात्र वाड्यावरच्या प्रत्येकाला स्वतःच ठरवावे लागते.

भेटायला अवश्य जावे, परंतु घोळक्याने जाऊ नये आणि ‘नेमके काय घडले?’ असे विचारू नये. सगळे सांगून टाकले की मन मोकळे होते, ही समजूत येथे लागू पडत नाही. हल्ल्यानंतर लगेच सरसकट अनुभव वदवून घेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही. व्यक्ती आपणहून बोलू लागली तर मध्ये न तोडता ऐकावे, गप्प राहिली तर गप्प बसावे, आणि बाजार आणून देणे, ड्रेसिंगसाठी सोबत जाणे, मुलांना शाळेत पोहोचवणे अशी कामे उचलावीत. ‘देवाच्या कृपेने तुम्ही वाचलात’ हे वाक्यही टाळलेले बरे, कारण शेजारी बसलेला माणूस का गेला, हा प्रश्न वाचलेल्याला आधीच झोपू देत नसतो.

झोप न लागणे, दचकणे, गर्दीत जीव घाबरणे हे पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळांना होते व बहुतेकांचे हळूहळू ओसरते. आपल्या घरातली झोपेची गोळी मात्र कोणी देऊ नये. त्रास महिन्याहून अधिक टिकला, किंवा त्याआधीच जीव नकोसा झाल्याचे बोलणे आले, तर बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत न्यावे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलावे. उपचाराची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिला आहे, आणि इस्पितळात तिकिटाच्या रांगेत दिसलेल्या ओळखीच्या माणसानेही तो पाळायला हवा.

खरा घाव पुष्कळदा नंतर, कुजबुजीतून बसतो. पती गमावलेल्या स्त्रीला पांढऱ्या पायाची ठरवले जाते, स्थळ पाहताना ‘डोक्यावर परिणाम झालाय’ असे कोणीतरी कळवते, आणि सरकारी मदत मिळाली की तिचा आकडा नाक्यावर चघळला जातो. वाचलेली व्यक्ती मुसलमान असली, तर जखमी होऊनही तिच्याकडे हल्लेखोरांबद्दल खुलासा मागितला जातो, यासारखा अन्याय दुसरा नाही. असे बोलणे कानांवर आले की हसून सोडून देऊ नये; बोलणाऱ्याला तिथल्या तिथे, आवाज न चढवता थांबवावे. वाचलेल्या व्यक्तीकडे जाऊन ‘लोक असे बोलतात’ हे सांगण्याचा उपयोग नसतो.

दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री पहाटेपर्यंत ध्वनिक्षेपक चालतो व फटाके फुटतात, म्हणून मंडळाच्या मुलांना आधीच विश्वासात घेऊन त्या घरासमोर दारूकाम टाळायला सांगावे, अथवा त्या रात्रीपुरती नातेवाइकांकडे सोय करावी. सण बंद करण्याची गरज नाही. कोणता आवाज केव्हा होणार, हे आधी माहीत असले तरी पुष्कळ फरक पडतो.

हल्ल्याला वर्ष होते त्या सुमारास पत्रकार येतात आणि पंचायतीलाही शाल-श्रीफळ देण्याचा उत्साह येतो. दोन्हींसाठी आधी घरी जाऊन विचारावे, नकार मिळाल्यास कारण मागू नये, आणि कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी विचारावे.