बाजारात तुरी असतानाच ऑस्करची यादी कशी बांधावी

ऑस्करचा सोहळा मार्चमध्ये असतो, पण अंदाज बांधायला ऑगस्टपासूनच सुरुवात होते. तोवर निम्मे चित्रपट कुणी पाहिलेलेही नसतात. अशा वेळी 'कुठला चित्रपट चांगला असेल' हा प्रश्न धरून बसलात तर हाती काही लागत नाही. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: चित्रपट याच वर्षी लागणार आहे का, तो कुणाच्या हातात आहे, आणि त्याच्यासाठी जीव टाकणारे मतदार किती निघतील? ही तीन उत्तरं मिळाली की चित्रपट न बघताही बऱ्यापैकी यादी होते.

आधी तक्ता आखा

एक्सेल असो की शंभर पानी वही, सात रकाने पुरतात: चित्रपट, अमेरिकेतला वितरक, तिथली प्रदर्शनाची तारीख, कुठल्या महोत्सवात, कुठल्या विभागांत शक्यता, का, आणि नोंद केल्याची तारीख. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात, आणि पुढे सगळा घोळ तिथूनच होतो. जानेवारीत 'मी तर आधीच म्हटलं होतं' असं प्रत्येकालाच वाटतं. तारखेसकट कारण लिहिलेलं असेल तरच आपण खरंच काय म्हटलं होतं ते कळतं.

सुरुवातीला पंचवीस नावं घ्या. साठ-सत्तर नावं टाकणाऱ्याचा एखादा तरी बाण लागणारच, पण त्याला अंदाज म्हणत नाहीत.

तारीख आणि वितरक: पहिली चाळणी

अमेरिकेतल्या सहा ठरावीक महानगर क्षेत्रांपैकी एकात (लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोचा बे एरिया, शिकागो, डॅलस-फोर्टवर्थ किंवा अटलांटा) चित्रपट सलग सात दिवस थिएटरात चालला की प्राथमिक पात्रता मिळते. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र ९७व्या सोहळ्यापासून आणखी एक अट आली. पहिल्या प्रदर्शनानंतर ४५ दिवसांच्या आत, अमेरिकेतल्या पहिल्या ५० बाजारपेठांपैकी दहांमध्ये आणखी सात दिवस चित्रपट लावावा लागतो. डिसेंबरच्या अखेरीस एका थिएटरात गुपचूप लावून मोकळं होण्याची सोय छोट्या कंपन्यांना त्यामुळे उरलेली नाही. नियम दरवर्षी वसंतात नव्याने जाहीर होतात. यादीला हात घालण्यापूर्वी ते एकदा वाचून घ्या.

ज्याला अमेरिकेत वितरकच नाही, तो चित्रपट कितीही गाजो, पेन्सिलीने लिहा. टोरांटो चित्रपट महोत्सवाच्या प्रेक्षक पुरस्काराचं उदाहरण बोलकं आहे. २०१२ ते २०२३ या काळात तो मिळवणारा प्रत्येक चित्रपट ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनापर्यंत पोचला. २०२४ मध्ये तो 'द लाइफ ऑफ चक'ने जिंकला, पण तेव्हा त्याला अमेरिकेत वितरक नव्हता. चित्रपट लागला २०२५ मध्ये आणि ती साखळी तुटली.

वितरक आहे म्हटल्यावर त्याच्या हातात आणखी काय आहे तेही बघा. प्रचाराला पैसा आणि माणसं लागतात, आणि एकच कंपनी चार चित्रपट सारख्याच जोमाने पुढे रेटत नाही. चारांपैकी लाडका कोणता, हे ऑक्टोबरपर्यंत जाहिरातींवरून कळतं. नेटफ्लिक्सकडे पैशांची ददात नाही. 'रोमा'पासून दरवर्षी त्यांचा एखादा चित्रपट अंतिम यादीत होता, तरी २०२५ पर्यंतच्या एकाही सोहळ्यात त्यांना मुख्य पुरस्कार मिळाला नाही. स्ट्रीमिंगवाल्यांमध्ये तो पहिल्यांदा मिळवला अ‍ॅपलने, २०२२ मध्ये 'कोडा'साठी.

तारखा सरकतात, हेही धरून चाला. 'ड्यून: पार्ट टू' नोव्हेंबर २०२३ मध्ये यायचा होता. हॉलिवूडमधल्या संपामुळे तो मार्च २०२४ वर गेला आणि कित्येकांच्या याद्यांत एका रात्रीत भगदाड पडलं.

महोत्सवांची पत्रकं नीट वाचा

मे महिन्यात कान, ऑगस्टच्या शेवटी व्हेनिस आणि टेल्युराइड, सप्टेंबरमध्ये टोरांटो, मग न्यूयॉर्क. यात टेल्युराइड हा कोलोरॅडोच्या डोंगरातला छोटा महोत्सव सगळ्यांत मोलाचा. 'स्लमडॉग मिलियनेअर', 'अर्गो', 'मूनलाइट' तिथे दाखवले गेले होते. पंचाईत अशी की तिथला कार्यक्रम महोत्सवाच्या अगदी तोंडावर जाहीर होतो. पण तो बऱ्याच अंशी आधीच ओळखता येतो, आणि या सगळ्या खटाटोपात मजेचा भाग हाच.

टोरांटोचं वेळापत्रक आधी येतं. त्यात प्रत्येक चित्रपटापुढे तो कितव्यांदा दाखवला जातोय ते छापलेलं असतं. समजा व्हेनिसच्या यादीत एखाद्या चित्रपटाचा 'जागतिक प्रीमिअर' आहे आणि टोरांटोत त्याच्यापुढे 'उत्तर अमेरिकी प्रीमिअर' लिहिलंय. म्हणजे तो व्हेनिसहून थेट टोरांटोला येतोय. पण टोरांटोत 'कॅनडातील प्रीमिअर' असं लिहिलं असेल, तर त्याआधी उत्तर अमेरिकेत कुठेतरी तो दाखवला जाणार. कॅनडात नाही, तर मग अमेरिकेत. त्या आठवड्यात अमेरिकेत असतं काय? टेल्युराइड. अमेरिकी चित्रपटापुढे 'आंतरराष्ट्रीय प्रीमिअर' दिसलं तरी तोच अर्थ: मायदेशात तो आधीच दाखवून झालेला असेल. फक्त जानेवारीतल्या सनडान्स या अमेरिकी महोत्सवाला तो येऊन गेलेला नाही ना, एवढं तपासा. नाहीतर फसगत होते.

व्हेनिसमध्ये कुणाला किती मिनिटं उभं राहून टाळ्या मिळाल्या, या बातम्या खुशाल वाचा, पण तक्त्यात घेऊ नका. टाळ्या तिथे सगळ्यांनाच मिळतात.

सनडान्स आणि कानच्या चित्रपटांना 'फार आधी आले' म्हणून खोडणं ही जुनी चूक. 'कोडा' जानेवारी २०२१ मध्ये सनडान्सला आला आणि मार्च २०२२ मध्ये जिंकला. 'पॅरासाइट' आणि 'अनोरा' मे महिन्यात कानचा सर्वोच्च पुरस्कार पाम द'ओर घेऊन निघाले आणि शेवटपर्यंत टिकले. 'ओपेनहायमर' तर भर जुलैत लागला होता.

मतं कशी मोजतात ते समजून घ्या

इथे घाई करू नका. बहुतेकांचे अंदाज इथेच चुकतात.

ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीचे सदस्य हेच मतदार, आणि ते कामानुसार शाखांत विभागलेले असतात. नामांकनं त्या-त्या शाखेचे सदस्य ठरवतात. दिग्दर्शक दिग्दर्शकांना निवडतात, संकलक संकलकांना. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र सगळेच मत देतात. मतदार पसंतीचे क्रमांक लिहितो. पाच जागा असतील तर एकूण मतांना सहाने भागून एक मिळवायचा, तो झाला कोटा. एखाद्या शाखेत ४८० मतं पडली तर कोटा ८१. चित्रपटाच्या दहा जागांसाठी अकराने भागायचं. ६,६०० मतं पडली तर ६०१. आपल्याकडच्या राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुका ज्यांनी आकडेमोडीसकट पाहिल्यात, त्यांना हे नवीन नाही. पहिल्या पसंतीचा कोटा पुरा झाला की उमेदवार निवडून येतो, मग बाकीच्यांना तो आवडो न आवडो.

म्हणजे नामांकनाला बहुमत लागत नाही. अकराव्या हिश्श्याच्या आसपास लोक एखाद्या चित्रपटावर फिदा असले की झालं. 'सगळ्यांना बरा वाटला' असा चित्रपट इथे मागे पडतो, कारण त्याला पहिला क्रमांक कुणीच देत नाही.

जिंकण्याचं गणित उलटं आहे. इतर विभागांत अंतिम फेरीत ज्याला जास्त मतं तो विजयी, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पुन्हा दहाही चित्रपटांचा क्रम लावायचा असतो. सगळ्यांत कमी पहिले क्रमांक मिळालेला चित्रपट बाद होतो, त्याची मतं त्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीला जातात, आणि कुणी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हेच चालतं. इथे दुसरा-तिसरा क्रमांक भरपूर मिळवणारा तरून जातो. काहींना डोक्यावर घ्यावासा आणि काहींना अजिबात नकोसा वाटणारा चित्रपट मात्र अडकतो.

म्हणून तक्त्यात 'नामांकन' आणि 'विजय' यांसाठी वेगळ्या खुणा करा. २०२२ मध्ये 'द पॉवर ऑफ द डॉग'ला १२ नामांकनं होती, मिळाला फक्त दिग्दर्शनाचा पुरस्कार. 'कोडा'ला तीनच नामांकनं होती, दिग्दर्शन नाही की संकलन नाही. तिन्ही जिंकली.

आता दहा जागा भरा

पंचवीसमधून दहा काढताना 'सर्वोत्तम दहा' निवडू नका. प्रत्येक नावापुढे 'याला पहिला क्रमांक कोण देईल?' हे लिहा. छायाचित्रण, ध्वनी, वेशभूषावाले? अभिनेत्यांची शाखा, जी सगळ्यांत मोठी आहे? की परदेशी सदस्य? उत्तर कोरं राहिलं तर नाव खाली सरकवा, मग दिग्दर्शक कितीही नावाजलेला असो.

परदेशी सदस्यांचं वजन गेल्या दशकात चांगलंच वाढलं आहे. त्याचा ठळक परिणाम दिग्दर्शनाच्या पाच नावांत दिसतो. २०१९ ते २०२५ या सात सोहळ्यांत २०२३ वगळता दरवर्षी इंग्रजीखेरीज भाषेतल्या चित्रपटाचा एक तरी दिग्दर्शक तिथे होता, आणि २०२३ मध्येही स्वीडनचा रूबेन ऑस्टलुंड होताच. २०२१ मध्ये डेन्मार्कच्या थॉमस विंटरबर्गला नामांकन मिळालं, पण त्याचा चित्रपट मुख्य यादीत नव्हता. तेव्हा पाचातली एक जागा अशा दिग्दर्शकासाठी मोकळी ठेवा. पाचही जागी हॉलिवूडची नावं बसवलीत तर एक चूक बहुधा आधीच झाली म्हणून समजा.

अभिनयाच्या विभागांत ऑगस्टमध्ये फार खोल शिरू नका. एवढंच लक्षात ठेवा की भूमिका मुख्य की सहायक हे स्टुडिओ सुचवतो, ठरवतात मतदार. 'द रीडर'साठी केट विन्स्लेटचा प्रचार सहायक अभिनेत्री म्हणून चालला होता. नामांकन मिळालं मुख्य अभिनेत्रीचं, आणि ती जिंकली.

यादी कधी बदलायची

रोज नाही. सप्टेंबरच्या मध्यावर टोरांटो संपल्यावर एकदा, डिसेंबरमध्ये अकॅडमीच्या प्राथमिक याद्या आल्यावर एकदा, आणि जानेवारीत निर्माते, दिग्दर्शक व अभिनेते यांच्या संघटनांची नामांकनं आल्यावर शेवटचं. मधल्या काळात काही बदलायचा मोह झालाच तर जुनी नोंद खोडू नका, खाली नवी लिहा.

समीक्षकांचे पुरस्कार आणि गोल्डन ग्लोब हवा करतात, पण तिथले मतदार वेगळे. २०१० मध्ये 'द सोशल नेटवर्क'ने समीक्षकांचे पुरस्कार अक्षरशः ओरबाडले आणि ऑस्कर 'द किंग्ज स्पीच' घेऊन गेला. निर्मात्यांच्या संघटनेकडे जास्त लक्ष द्या. त्यांच्याकडेही दहा नामांकनं आणि पसंतीक्रमाचीच पद्धत आहे. तरीही ती काळ्या दगडावरची रेघ नव्हे: त्यांनी 'ला ला लँड' आणि '१९१७' निवडले होते, ऑस्कर मिळालं 'मूनलाइट' आणि 'पॅरासाइट'ला.

काही गोष्टी कुठल्याच तक्त्यात मावत नाहीत. 'एमिलिया पेरेझ' १३ नामांकनांसह २०२५ मध्ये सर्वांत पुढे होता. मग मुख्य अभिनेत्रीची जुनी ट्वीट्स वर आली आणि शेवटी हाती दोन पुरस्कार राहिले.

भारताचं पान वेगळं ठेवा

इथे दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया भारताकडून जो चित्रपट पाठवते, तो फक्त आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागासाठी. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' असे गेले होते. त्या विभागात आधी १५ जणांची यादी लागते, मग पाच नामांकनं. पाचांत भारताकडून 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान' पोचले. बाकीच्या विभागांना फेडरेशनची गरज नसते. २०२३ मध्ये 'नाटू नाटू'ला गाण्याचं ऑस्कर मिळालं, तेव्हा भारताने पाठवलेला चित्रपट होता 'छेल्लो शो'.

फेडरेशनची निवड आणि कानमधलं यश यांचा मेळ बसेलच असं धरू नका. मल्याळम, हिंदी आणि मराठी बोलणारा पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' २०२४ मध्ये कानचा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार ग्रांप्री घेऊन आला होता. भारताने पाठवला 'लापता लेडीज'.

दर जानेवारीत आपल्याकडे 'अमुक चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत' अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. ती बहुधा पात्र चित्रपटांच्या यादीवरून आलेली असते. २०२५ मध्ये त्या यादीत ३२३ चित्रपट होते, त्यात 'कंगुवा'ही. पात्र म्हणजे अर्ज भरला, नियम पाळले, एवढंच. ही बातमी तक्त्यात शून्य गुणांची.

गुण मोजा

नामांकनं सहसा आपल्या संध्याकाळी ७ च्या सुमारास जाहीर होतात. तक्ता समोर ठेवून बसा. ऑगस्टच्या दहापैकी किती आले, सप्टेंबरच्या दहापैकी किती, जानेवारीच्या किती, हे तीन आकडे वेगवेगळे लिहा. जानेवारीचा आकडा ऑगस्टपेक्षा मोठा असणारच, त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. ऑगस्टमध्ये दहापैकी पाच बरोबर आले तर छान जमलं.

मग 'का' हा रकाना काढा आणि चुकलेल्या नावांसमोर काय लिहिलंय ते वाचा. 'दिग्दर्शक मोठा' असं तीन-चारदा लिहिलेलं आढळलं, तर पुढच्या ऑगस्टमध्ये तेच कारण पुन्हा लिहिताना पेन थांबवा. सोहळा भारतात सोमवारी पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतो, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट सगळ्यांत शेवटी. ऑफिस असेल तर गजर आठचा लावा.