जुन्या धाटणीचा बेस सिंथ उघडताय? आधी या चुका टाळा

टीबी-303 हा रोलँडचा बेस सिंथ, म्हणजे खालचे जाड सूर काढणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य, 1981 मध्ये आला आणि 1984 मध्ये बंद झाला. बेळगाव-निपाणीकडे तो अस्सल मिळणं कठीणच. हाती येतं ते त्याच सर्किटवर बेतलेलं किट किंवा नवं यंत्र. बिघाड मात्र तेच.

पहिला घात अडॅप्टर करतो. 303 आणि रोलँडचाच दुसरा सिंथ एसएच-101 यांना 9 व्होल्ट लागतात आणि मधली पिन निगेटिव्ह असते. राउटरचे अडॅप्टर सहसा उलट असतात. मीटरची लाल तार आत, काळी बाहेर लावा. आकडा उणे आला तरच प्लग जोडा. नव्या यंत्राची प्लस-मायनसची खूण मात्र त्याच्याच पाठीवर बघा.

आवाजाचा खरा जीव फिल्टरमध्ये, म्हणजे आवाजाची वरची धार कापणाऱ्या सर्किटमध्ये आहे. 303 च्या डायोड शिडीत (फिल्टरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या रचनेत) डायोड म्हणून ट्रान्झिस्टरच जोडलेत, आणि चार कपॅसिटरपैकी तीन 33 नॅनोफॅरडचे, एक 18 चा. 18 हा आकडा छपाईची चूक समजून चौथाही 33 चा बसवला की फिल्टरचा स्वभावच बदलतो. इथे सिरॅमिक डिस्क नको, पॉलिएस्टर घ्या. नॉब फिरवताना किंवा प्रत्येक सुरामागे 'धप्प' ऐकू आलं, तर शिडीखालच्या ट्रान्झिस्टरची जोडी जुळलेली नाही. मीटर डायोड मोडवर ठेवून दोघांचे बेस-एमिटर व्होल्टेज मोजा. फरक 2 मिलिव्होल्टच्या आत हवा. मोजताना बोट लावू नका, उबेनं आकडा सरकतो.

ट्यूनिंगची घाईही नडते. सुट्या ट्रान्झिस्टरच्या ऑसिलेटरमध्ये (सूर तयार करणाऱ्या भागात) तापमानाची भरपाई नसेल, तर 10 अंशांच्या फरकानं सप्तकामागे साधारण 40 सेंट (100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर) सूर घसरतो. गणपतीत उघड्या मांडवात रात्री गारवा सुटला की नेमकं हेच होतं. 3300 पीपीएमचा टेंपको (तापमानासोबत ठरल्या प्रमाणात बदलणारा) रेझिस्टर ट्रान्झिस्टरच्या जोडीला थर्मल पेस्टनं चिकटवा, अर्धा तास यंत्र चालू ठेवा, मगच ट्रिमरला (ट्यूनिंगच्या छोट्या स्क्रूला) हात लावा.

जुन्या चिपसाठी भरमसाट पैसे मोजायची गरज नाही. एसएच-101 मधली ऑसिलेटरची चिप सीईएम3340 2016 पासून पुन्हा बनते, एएस3340 हा पर्यायही चालतो. 303 ची मूळ बीए662 चिप मात्र आता बनत नाही आणि एलएम13700 तिच्या जागी थेट बसत नाही. सर्किट बदलावं लागतं. म्हणून किट घेण्याआधी त्यात कोणता भाग वापरलाय ते विचारा.

खानापूरच्या पावसाळ्यात पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) खरखरतात. त्यात तेलकट स्प्रे मारू नका. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब टाका, वीसेक वेळा फिरवा आणि वाळल्यावरच चालू करा.