चौकट तीच, काच फक्त बदला

घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात पश्चिमेची खिडकी म्हणजे दुपारी तीननंतर तवाच. दुकानदार लगेच दुहेरी काच सुचवतो. थांबा, आधी पल्ल्याची, म्हणजे सरकणाऱ्या झडपेची, काच बसते ती खाच मोजा. साध्या अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंगची खाच एका काचेपुरतीच असते. 5 मिमीच्या दोन काचा आणि मधली 12 मिमी पोकळी मिळून होतात 22 मिमी, त्या बसणार कुठे? वजनही बघा: 2 बाय 4 फुटांच्या पल्ल्यात 5 मिमी काच साधारण 9 किलो, दुहेरी 18च्या वर. पल्ल्याखालची जुनी चाकं त्या वजनानेच दबतात.

त्यापेक्षा त्याच जाडीची सोलर कंट्रोल काच, म्हणजे उन्हाची उष्णता अडवणारं कोटिंग असलेली काच घ्या, मात्र एकेरी वापरायला चालणारं कोटिंग आहे ना, हे विचारूनच. काही कोटिंग दुहेरी काचेच्या आतच टिकतात. त्रास उन्हाचा नसून ट्रकच्या आवाजाचा असेल, तर लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेली काच.

माप घेताना दिसणारी काच मोजू नका, ती रबरात आतपर्यंत गेलेली असते. (मी मोजली होती. ती आखूड काच अजून माळ्यावर आहे.) आणि पल्ला उतरवलाच आहे, तर कडक झालेलं रबर आणि झिजलेला ब्रशही (फट बुजवणारी केसाळ पट्टी) बदलून घ्या, आमच्याकडे पावसाची झड तिथूनच आत यायची.