तबकडीवर रंग फवारण्यापूर्वी: कोकणच्या हवेतली तयारी

घड्याळाच्या तबकडीला एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या पेनासारख्या साधनाने, जुनेपण द्यायचे असेल, तर रंगाच्या बाटलीला हात लावण्याआधी खरोखर जुन्या झालेल्या काही तबकड्या भिंगाखाली नीट पाहून घ्याव्यात. कोकणात त्या मिळणे कठीण नाही. 1961 मध्ये सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एच.एम.टी.चा घड्याळ कारखाना सुरू झाला, आणि पुढे चाकरमान्यांनी मुंबईहून गावी आणलेली चावीची घड्याळे आजही घरोघरच्या कपाटांत पडून असतात. ती पाहताना डाग कुठे आहे आणि तो तिथेच का आहे, हे टिपून ठेवावे. दमट हवा केसच्या सांध्यातून आणि चावीच्या दांड्याच्या फटीतून आत शिरते, म्हणून कडा आणि तीनच्या अंकाजवळचा भाग बहुधा आधी काळवंडतो. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या घड्याळात काट्यांखालची जागा उजेडापासून वाचते आणि तिथे फिकट सावली उरते. चंदेरी तबकडीवरचे लॅकर, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेप, पिवळसर होते, तर काही काळ्या तबकड्या उन्हाने तपकिरी पडतात. सर्वत्र सारखा पिवळेपणा दिसला, की सराईत नजर तो बनावट ओळखते, म्हणून कोणत्या डागाला कोणते कारण द्यायचे हे तबकडीच्या कागदी आराखड्यावर आधीच रेखाटून ठेवावे.

कामासाठी पुन्हा रंगवलेली, किंवा छपाई पुसट झालेली आणि मूळ म्हणून जपण्यासारखी न उरलेली तबकडीच निवडावी. सुस्थितीतल्या मूळ तबकडीवर फवारा मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहून महत्त्वाची खबरदारी चमकणाऱ्या अंकांची आहे. 1960च्या दशकापर्यंत अंकांवर आणि काट्यांवर रेडियमयुक्त रंग वापरला जात असे. रेडियम-226 चा अर्धायुकाल सुमारे 1600 वर्षे आहे, त्यामुळे चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपत नाही, आणि असा रंग खरवडला तर त्याची भुकटी श्वासातून शरीरात जाते. शंका असल्यास ती तबकडी घासू नये, खरवडू नये आणि तिच्यावर फवाराही मारू नये.

आता हवेविषयी, कारण किनाऱ्यावर काम बहुतेक वेळा हवेमुळेच बिघडते. लॅकरमधला थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो; हवेत बाष्प जास्त असेल तर त्या थंड थरावर अतिसूक्ष्म दव धरते आणि पारदर्शक लेप दुधाळ होतो. त्यामुळे मालवण असो वा गुहागर, पावसाळ्यात हे काम हाती घेऊ नये आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी राखून ठेवावा. त्या दिवसांतही पहाटे हवेत दव असते आणि दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात, म्हणून रात्रीचे मतलई वारे ओसरत असताना, ऊन चढल्यावर आणि खारा वारा सुरू होण्याआधी जो मधला कोरडा वेळ मिळतो, तो साधावा. खोलीत आर्द्रतामापक टांगावा आणि आकडा 60 टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी फक्त मास्किंग, म्हणजे रंग नको असलेले भाग झाकण्याचे काम, करावे. वातानुकूलन यंत्र तासभर आधी चालवले तर आर्द्रता बरीच उतरते. मंद सुकणारा रिटार्डर थिनर जवळ ठेवावा. थोडा मिसळल्याने दुधाळपणा टळतो, मात्र थर ओला राहण्याचा वेळ वाढतो आणि तेवढा वेळ धूळ बसण्याची भीतीही.

धुळीचा विचार घराच्या बांधकामापासून करावा. जांभ्या दगडाच्या भिंतीतून तांबडी भुकटी झडते आणि कौलारू छपरातून कचरा पडतो. गिलावा आणि छत असलेली खोली निवडावी, नाहीतर वरून स्वच्छ प्लास्टिक ताणावे. लादी ओल्या फडक्याने आदल्या दिवशीच पुसावी, म्हणजे त्या पाण्याची वाफ कामाच्या वेळी हवेत राहणार नाही.

एअरब्रश दुहेरी क्रियेचा (एकाच खटक्याने हवा आणि रंग दोन्ही वेगवेगळे आवरता येणारा), वर रंगाचा कप असलेला आणि 0.2 मिलिमीटर नोझलचा असावा. कॉम्प्रेसरला टाकी असावी, कारण टाकीमुळे हवेचा दाब स्थिर राहतो. मात्र तिच्या तळाशी पाणी साचते, ते काम सुरू करण्यापूर्वी काढून टाकावे आणि नळीवर पाणी अडवणारा फिल्टर बसवावा. दाब 15 ते 20 पीएसआय पुरेसा होतो. काम संपल्यावर एअरब्रशची नीडल (आतली सुई) धुऊन, पुसून, ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी. खाऱ्या हवेत साध्या स्प्रिंगाही लवकर गंजतात.

रंगात पिवळी गेरू, कच्ची सिएना आणि भाजलेली अंबर एवढ्या छटा पुरतात. त्या अतिशय पातळ करून थरावर थर देता येतील अशा तयार ठेवाव्यात. छापील अक्षरांवर थेट तीव्र थिनर पडला तर ती विरघळू शकतात, म्हणून आधी पारदर्शक लेपाचा धुक्यासारखा हलका फवारा द्यावा लागतो. प्रत्येक मिश्रणाची चाचणी पितळेच्या तुकड्यावर आणि शक्यतो एखाद्या निकामी तबकडीच्या कोपऱ्यावर करून, प्रमाण वहीत लिहून ठेवावे.

तबकडीच्या मागच्या दोन पायांसाठी लाकडी ठोकळ्यात भोके पाडून घ्यावीत, म्हणजे ती बोटांनी धरावी लागत नाही. बोटांवर रबरी टोपणे घालावीत, धूळ रोडिकोने (घड्याळजींच्या चिकट, मऊ पुटीने) टिपावी आणि उठावाच्या खुणा झाकायला द्रव मास्क वापरावा. सेंद्रिय वाफ अडवणारा काडतुसाचा मुखवटा, वाफ बाहेर फेकणारा पंखा आणि जवळपास देवघरातला दिवा किंवा गॅस पेटलेला नसणे, या गोष्टींत तडजोड करू नये.

शेवटी सुकवणीचा डबा तयार करावा: घट्ट झाकणाचा, तळाला सिलिका जेल आणि वर तबकडीचा ठोकळा सपाट बसेल एवढा. लॅकरला नाकाला जाणवेल असा वास उरला असेपर्यंत तबकडी मशीनवर बसवून केसमध्ये बंद करू नये, कारण बंद जागेत कोंडलेली वाफ काचेवर धुरकट थर धरते.