एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळाचे ठोके कॅमेऱ्याने मोजायचेत? आधी हे वाचा

बायोमेडिकलची मुलं प्रोजेक्टसाठी हे सारखं विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची कातडी इतकी नाजूक असते की ठोके मोजणाऱ्या वायरची (लीडची) टेप ओढली तर वरचा थर सोलून निघू शकतो, सिस्टर ती ओल्या कापसाने भिजवत भिजवत सोडवतात ते बघा, हा खटाटोप कशासाठी ते लगेच कळेल.

दर ठोक्याला कातडीखालचं रक्त किंचित वाढतं, रक्त हिरवा प्रकाश जास्त शोषतं, तो फरक डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतो. ऑक्सफर्डच्या टीमने तिथल्या जॉन रॅडक्लिफ हॉस्पिटलमध्ये प्रीटर्म (वेळेआधी जन्मलेल्या) बाळांवर हे करून 2019 मध्ये पेपर काढलाय.

एथिक्स कमिटीची आणि आईवडिलांची लेखी परवानगी आधी. वायर, प्रोब काहीही काढायचं नाही, त्याच्याशीच तर तुमचे आकडे ताडून बघायचेत.

कॅमेरा घट्ट बसवा, बाळाच्या पेटीच्या (इन्क्युबेटरच्या) काचेवर लाइट चमकणार नाही असा कोन धरा. ऑटो एक्सपोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स बंद, नाहीतर कॅमेराच रंग बदलत बसतो. सेकंदाला 25-30 फ्रेम पुरतात पण व्हिडिओ कॉम्प्रेस करू नका, हवा तो बारीक फरक त्यातच मरतो. मग कपाळाचा उघडा भाग घेऊन दर फ्रेमला हिरव्या चॅनेलची, म्हणजे चित्रातल्या हिरव्या रंगाच्या आकड्यांची, सरासरी काढायची.

आता फिल्टर, म्हणजे त्या सरासरीच्या चढउतारातून फक्त ठोक्यांच्या वेगाचा भाग ठेवायचा. बाळाचे ठोके साधारण 120 ते 160, म्हणून बरेच जण तेवढीच पट्टी ठेवतात. अहो, 100 च्या खाली गेलेले ठोकेच तर पकडायचेत! 1 ते 4 हर्ट्झ ठेवा, म्हणजे मिनिटाला 60 ते 240.

श्वास पोटाच्या हालचालीवरून मिळतो, पण जपून, घसा बंद झाला तर पोट हलत राहतं आणि हवा आत जातच नाही, त्यामुळे नुसत्या हालचालीवर बाळ श्वास घेतंय असं म्हणू नका. कावीळसाठी निळा लाइट चालू असेल, बाळ हातपाय हलवत असेल, तर स्क्रीनवर सरळ "सिग्नल नाही" दाखवा, अंदाजाने आकडा अजिबात नको.

कांगारू केअरला बाळ आईच्या छातीवर असतं, तेव्हा फ्रेममध्ये आईची कातडीही येते आणि तिचा श्वासही. एकदम 80 ठोके दिसले तर आधी बघा, ते आईचे तर नाहीत ना.